कात्रीची मुदत

धाकट्या जावेचं कौतुक ऐकून ऐकून त्या वर्षी माझे कान किटले होते. पेपरात रोज तेच. कॉम्प्युटरला साल दोनच आकडी कळतं, दोन हजार उजाडलं की शून्य-शून्य पाहून तो शंभर वर्षं मागे जाणार, बँका ठप्प होणार. सासरे दर आठवड्याला पासबुक भरून आणायचे आणि रांगेतल्या लोकांना सांगायचे, "आमची धाकटी सून हेच दुरुस्त करते." थोरली काय करते, हे कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

थोरली, म्हणजे मी, बारा वर्षं इस्पितळांना माल पुरवणाऱ्या गोदामात नोंदी करत होते. गोदामप्रमुख निवृत्त होणार होते आणि त्यांची खुर्ची मला हवी होती. तेवढ्यात मालकांनी तारखा दुरुस्त करायला नेमकं हिलाच आणलं. चार दिवसांत मला म्हणतात, "तुमची जाऊ फार हुशार हो! प्रमुख म्हणून इथंच ठेवून घ्यावी म्हणतो." माझ्या पोटात जे दुखायला लागलं, त्यावर आख्ख्या गोदामात औषध नव्हतं.

एकदा चहाच्या वेळी ती माझ्या टेबलाशी आली.

"वहिनी, या कात्र्या, चिमटे, ट्रे, सगळ्यांची मुदत डिसेंबर नव्याण्णव कशी काय?"

खरं उत्तर सोपं होतं. मुदतीचा रकाना रिकामा सोडला तर कॉम्प्युटर पुढं सरकायचा नाही, आणि कात्री काही नासत नाही. म्हणून कॉम्प्युटर आल्यापासून न नासणाऱ्या मालाला मीच नव्याण्णव ठोकत आले होते. ही खूण माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हती.

"कशी म्हणजे? कंपनीनं दिली असेल," मी म्हटलं.

ती "बरं" म्हणून गेली. सुंठीवाचून खोकला जाणार, या आनंदात मी आणखी एक कप चहा घेतला.

नव्या वर्षात कामाच्या पहिल्या सकाळी औषधांच्या तारखा अगदी चोख होत्या. पण मुदत संपलेल्या मालाच्या यादीत सगळी हत्यारं आली, आणि हमालांनी नेहमीप्रमाणे यादी बघून ती मोडीच्या ट्रकात भरली. दुपारी इस्पितळाचा फोन आला तेव्हा कपाटात एक कात्री नव्हती. ट्रक केव्हाच भट्टीवर पोचला होता.

मालक सगळ्यांदेखत तिच्यावर तुटून पडले. "नोंदी करणारी तुमच्याच घरातली. तिला एका शब्दानं विचारता येत नव्हतं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या पावत्या जुळवायला घेतल्या.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "विचारायला हवं होतं."

तिचं काम त्याच दिवशी सुटलं. आठवड्यानं खुर्ची मला मिळाली. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो. भांडी विसळता विसळता मी विचारलंच, "खोटं का बोललीस गं?"

"तुम्ही तिथं बारा वर्षं राबलात, वहिनी. तुम्हाला काढलं असतं तर या वयात कुठं गेला असता?" तिनं ताट पुसून ठेवलं. "माझं काय, मला कालच दोन बँकांनी बोलावलंय."

तिचे हात धरून माफी मागायची होती. सगळे शब्द जुळवून ठेवले होते मी.

"दोन?" मी विचारलं.