गवतावरचा चौदा

“ओढ, अजून ओढ! चाराचा पाय अजून दोन मीटर लांब पाहिजे!” मैदानाच्या मधोमध गुडघे टेकून सामी ओरडला.

“काई, हा चार आहे की ट्रकखाली सापडलेला बगळा?” दोरीचं दुसरं टोक धरलेला मोसेसे म्हणाला. “एवढं लांब तर आमच्या पाद्र्याचं प्रवचनसुद्धा नसतं.”

“तू दोरी धर. डोकं मी चालवतो. तुझं स्क्रमच्या धक्काबुक्कीत कधीच झिजलंय.”

मोसेसे खो खो हसला. लौतोकाच्या या मैदानाची राखण तो वीस वर्षं करत होता, आणि त्याआधी दहा वर्षं इथेच रग्बी खेळून त्याने आपल्या दोन्ही कानांची भजी करून घेतली होती. सामीला तो ‘काई’ म्हणायचा, म्हणजे गाववाला. सामीही त्याला काईच म्हणायचा. साखर कारखान्याची काजळी दोघांच्याही कपड्यांवर लहानपणापासून सारखीच बसली होती.

अप्पलसामी, वय वर्षं एकसष्ट. एके काळी लौतोकात असं दुकान नव्हतं, ज्याच्या पाटीवर सामीचा ब्रश फिरला नव्हता. मग छापील प्लास्टिकच्या पाट्या आल्या आणि ब्रश डब्यात वाळून काटक्या झाले. उरलं ते गवत. गवताला प्लास्टिक चिकटत नाही, हे त्याचं नशीब! मोठ्या सामन्याआधी जाहिरातदार कंपन्यांची चिन्हं मैदानावर रंगवायची, हे काम गेली सात वर्षं त्याच्याकडे होतं. आणि काम भलतंच चमत्कारिक. गवतावर सरळ चित्र काढलं, तर टीव्हीत ते चपटं दिसतं. म्हणून पश्चिमेच्या लोखंडी टॉवरवर जिथे कॅमेरा बसतो, तिथून हिशेब करून ते इतकं ताणायचं, इतकं लांबवायचं, की कॅमेऱ्याला वाटावं ते ताठ उभंच आहे. मापांचा कागद सिडनीहून यायचा. सामी खुंट्या ठोकायचा, दोऱ्या ताणायचा आणि फवारा मारायचा. खाली उभ्या असलेल्या माणसाला त्यातलं काही म्हणजे काही कळत नसे. आजवर त्याने तेल रंगवलं, बिअर रंगवली, विमा रंगवला, पीठ रंगवलं, आणि कधी मनाला काही लागलं नाही. पिठाच्या पोत्याला आई नसते.

हा चौदा मात्र नेतानीचा होता.

नेतानी म्हणजे सामीच्या घरामागच्या उसाच्या पट्ट्यापलीकडे राहणाऱ्या उनाइसीचा मुलगा. सामीच्या बायकोच्या हातच्या रोट्या खाऊन वाढलेला, ताडासारखा उंच, आणि धावायला लागला की मागच्याने फक्त धूळ खावी. तेविसाव्या वर्षी क्लबाच्या चौदा नंबरच्या जर्सीत तो सगळ्या बेटांवर पोचला. जर्सीच्या छातीवर निळा मासा होता. तो एका फोन कंपनीचा. जर्सीवर मासा, बसवर मासा, नेतानीच्या हसऱ्या फोटोशेजारीही मासाच. तीन महिन्यांपूर्वी कंपनीने त्याला सकाळी राजधानीत, सुव्याला नेलं. दुकानाचं उद्घाटन होतं, दोनशे लोकांबरोबर फोटो होते. संध्याकाळी लौतोकात सराव होता, म्हणून जेवणही न करता व्हॅन परत फिरली, आणि सिंगातोकाच्या अलीकडच्या वळणावर उसाच्या ट्रकवर जाऊन आदळली.

रस्त्यावरच्या कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला. अर्ध्या तासात तो सगळ्यांच्या फोनवर होता. मग कंपनीने धावाधाव करून तो काढायला लावला. व्हॅनच्या दारावरचा मासा त्यात स्पष्ट दिसत होता ना!

“अंकल! किती राहिलं?”

मैदानाच्या कडेने लोसालिनी आली. क्लबाची जाहिरातीची सगळी बाजू ही पोरगी सांभाळायची. सत्तावीस वर्षांची, सुव्याची, एका कानात कायम ते फोनवर बोलण्याचं बोंडूक.

“आजचा पहिला हात झाला. उद्या दुसरा.”

“नवीन कागद आलाय.” तिने तो उलगडला. “मासा जरा मोठा करायचाय. चौदा जरा लहान.”

सामीने कागद बघितला. मासा चौदाच्या दुप्पट झाला होता.

“हे श्रद्धांजलीचं आहे ना?” मोसेसेने विचारलं. “मग मासा इथे कशाला मरायला आलाय?”

“मोसेसे, प्लीज. त्यांच्यामुळेच तर होतंय हे सगळं.” ती थकल्यासारखी बोलली. “बघा, चौदाव्या मिनिटाला सगळं मैदान उभं राहणार, टाळ्या वाजवणार. टॉवरवरचा कॅमेरा आधी चौदा दाखवणार, मग खालचा कॅमेरा आईचा चेहरा. पंधरा सेकंद. आईला आणि नातेवाइकांना मी पूर्वेच्या स्टँडात पहिली रांग दिलीय. टॉवरच्या बरोब्बर समोर.”

सामी मान वर करून पूर्वेच्या स्टँडकडे बघत राहिला. तिथून हा चौदा उलटा दिसणार होता. उलटा आणि चपटा. खरं तर दिसणारच नव्हता. चुन्याचे दोन पट्टे आणि निळा चिखल, एवढंच. पण तो स्वतःशी म्हणाला, ती फोनवर बघेलच की. आजकाल कोण बघत नाही?

शुक्रवारी दुपारी उनाइसी मैदानाच्या कुंपणाशी आली. अंगात काळा झगा, हातात केळीच्या पानात बांधलेला उकडलेला कसावा कंद.

“भैया, खा. सकाळपासून उन्हात आहेस म्हणे.”

“तू कशाला आलीस एवढी चालत?”

“बघायला आले.” तिने कुंपणाच्या जाळीत बोटं अडकवली आणि मैदानावर नजर टाकली. “कुठाय?”

सामीच्या तोंडातला कसावा तिथेच थांबला.

“उद्या दिसेल,” तो म्हणाला. “अजून ओला आहे.”

“रविवारी त्याची शंभरावी रात्र. रविवारी दुखवट्याच्या चटया उचलायच्या, काळं उतरवायचं. म्हणून रा भागातून सगळे उद्याच येतायत. बावीस माणसं, एका ट्रकमधून! मी सांगून ठेवलंय सगळ्यांना, म्हटलं आमच्या नेतानीचा नंबर गवतावर काढलाय, बसएवढा मोठा. काढणाराही घरचाच आहे.” ती किंचित हसली. शंभर दिवसांत सामीने तिला हसताना पाहिलं नव्हतं. “थोरला मामा तर म्हणाला, डोळे मिटायच्या आत तेवढं बघून घेतो.”

“तुला फोनवर दाखवेन मी. फोनवर फार छान दिसतो.”

“मी फोन बघत नाही, भैया.”

“टीव्हीवर तरी...”

“काहीच बघत नाही. त्या दिवशी शेजारणीने फोन माझ्या हातात दिला. म्हणाली, बघ गं, ही तुमची व्हॅन आहे का. तिला बिचारीला काय ठाऊक! मी पूर्ण बघितला. दाराबाहेर त्याचा हात होता.” तिचा आवाज अगदी साधा होता, बाजारभाव सांगावा तसा. “त्यानंतर कुठलीच काच बघितली नाही. बघणारही नाही. गवतावरचं बघेन. ते खरं आहे.”

सामीने पान मिटलं. आता लपवून उपयोग नव्हता.

“उनाइसी, ऐक. खालून नाही दिसत ते. ही अक्षरं माणसांसाठी नसतातच. त्या टॉवरवरच्या कॅमेऱ्यासाठी असतात. तिथूनच नीट दिसतात.”

तिने टॉवरकडे पाहिलं. “मग मला टॉवरवर ने.”

मोसेसेने फाटक उघडलं. टॉवरची शिडी लोखंडी आणि उभी. उनाइसीचे गुडघे गेली दहा वर्षं दुखत होते, आणि देहही भारी. ती एक पायरी चढली, दोन चढली, पाचव्या पायरीवर गुडघ्याने दगा दिला. मोसेसेने खालून खांदा लावला नसता तर पडलीच असती. ती पुन्हा चढायला गेली. या वेळी तीनच पायऱ्या झाल्या. खाली येऊन ती गवतावर बसली आणि बराच वेळ धापा टाकत राहिली. शेवटी तिने झगा झटकला.

“बावीस माणसं रा भागातून कशाला येतायत मग?” ती म्हणाली. कुणाला विचारलं, ते कळलं नाही. उत्तराची वाट न बघता ती चालू लागली.

सामी तडक क्लबाच्या कचेरीत गेला.

“पूर्वेच्या स्टँडासमोर एक छोटा चौदा काढू दे मला. रेषेच्या बाहेर. माझा रंग, माझा वेळ.”

लोसालिनीने बोंडूक कानातून काढलं. “नाही चालत, अंकल. करारात आहे. रेषेच्या आत-बाहेर पाच मीटर सगळं विकलंय. तिकडच्या कडेला विमा कंपनी आहे.”

“मग हाच चौदा फिरवतो. तिच्या बाजूने वाचता येईल असा.”

“आणि टीव्हीत?”

“टीव्हीत ओघळ दिसतील.”

“अंकल.” ती हळू आवाजात बोलली. “स्टँडात नऊ हजार माणसं. टीव्हीपुढे चार देशांतली किती, तुम्हीच सांगा. कंपनी कुणासाठी पैसे देते? मला आवडतं का असं बोलायला? नेतानी माझ्याशीही रोज थट्टा करायचा. पण तुम्ही तो फिरवलात, तर माझी नोकरी जाईल, आणि पुढच्या सामन्याला रंगवायला ऑकलंडहून माणूस येईल. तुम्हाला ते माहीत आहे.”

सामीला ते माहीत होतं.

शनिवारी पहाटेच्या उजेडात शेवटचा हात मारायचा होता. मोसेसे आला तेव्हा सामी पूर्वेच्या स्टँडात होता. पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीला त्याने दोरी बांधली होती आणि ती थेट मैदानाच्या मध्यापर्यंत ताणली होती. त्या दोरीवरून मापं घेतली, तर दोन तासांत नवा चौदा झाला असता. जुना पुसायला हिरवा रंग होताच.

मोसेसेने त्या दोरीकडे पाहिलं. थट्टासुद्धा केली नाही. तो खुंट्यांचा डबा घेऊन नुसता शेजारी उभा राहिला. सामीने सांगितलं असतं, तर त्याने ठोकल्या असत्या.

सामी त्या खुर्चीशेजारी उभा राहिला. समोर कारखान्याच्या धुराड्यातून सरळ रेघ वर निघाली होती. मग त्याने खाली वाकून खुर्चीची गाठ सोडली, दोरी कोपरावर गुंडाळली आणि सिडनीचा कागद खिशातून काढला.

“मासा आधी करू,” तो म्हणाला. “मोठा आहे.”

दोन वाजता सामना सुरू झाला. सामी फवाऱ्याचा डबा घेऊन सीमारेषेपाशी, पूर्वेच्या स्टँडाच्या अगदी खाली बसला होता. कुठे रंग उडालाच तर मध्यंतरात दुरुस्त करायला त्याने तिथेच थांबायचं असा करार होता. शेजारी लोसालिनी आणि खांद्यावर कॅमेरा घेतलेला माणूस. मागे वळून बघायची सामीची हिंमत झाली नाही. पण आवाज ओळखू येत होते. बावीस माणसं, चटया, पंखे, खोकला, आणि मध्ये उनाइसी.

“कुठे आहे गं?” एक म्हातारा आवाज. तो थोरला मामा असणार.

“थांबा, मामा. सगळे उभे राहिले की बघू.”

चौदावं मिनिट झालं. लाउडस्पीकरवरून नाव घुमलं. नऊ हजार माणसं उठली आणि टाळ्यांचा पाऊस पडला. सामी वळला.

सगळी बावीस माणसं उभी होती. सगळी वाकून वाकून मैदानात बघत होती, एकमेकांच्या खांद्यावरून, टाचा उंचावून. कुणालाच काही सापडत नव्हतं. टाळ्या वाजवायचंही विसरली होती.

“मला तर नुसता चुना सांडलेला दिसतोय,” मामा म्हणाला.

“काहीतरी निळं आहे,” एक बाई पुटपुटली. “उनाइसी, नक्की इथेच काढलाय ना?”

उनाइसीने सामीकडे पाहिलं. एकदाच. त्याने मान खाली घातली. आता ती बोट माझ्याकडे करेल, त्याला वाटलं. म्हणेल, याला विचारा. घरचाच माणूस आहे.

“इथेच आहे,” उनाइसी म्हणाली. आवाज ठणठणीत, सगळ्यांना ऐकू जाईल असा. “मामा, चष्मा कुठे टाकून आलात? ते निळं दिसतंय ना, त्याच्या पलीकडे बघा. पलीकडे, पलीकडे. हा एक. केवढा उंच आहे बघा, त्याच्यासारखाच. दिसला?”

तिने हात समोर धरला आणि बोटाने हवेत एक उभी रेघ काढली.

“एक...” मामा डोळे बारीक करत म्हणाला. “हां. एक दिसतोय बहुतेक.”

“बहुतेक काय! आणि त्याला लागून चार.”

“अगंबाई, हो!” मघाची बाई म्हणाली. “आला, आला लक्षात!”

“दिसला! केवढा मोठा गं!” मामाचा आवाज फुटला, आणि त्या रांगेत एकेक जण म्हणू लागला, दिसला, मलाही दिसला. कुणी रडायला लागलं. मग त्यांनी टाळ्या वाजवल्या, बाकी मैदानाच्या मागून, उशिराने.

खांद्यावरच्या कॅमेऱ्याचा माणूस इकडे तिकडे सरकत होता. लोसालिनीने कानातलं बोंडूक दाबून धरलं.

“अंकल, त्यांना हात खाली घ्यायला सांगा ना. चेहरा झाकला जातोय. आठच सेकंद उरलेत. तुमचं ऐकतील त्या.”

सामी जागचा हलला नाही.

“अंकल!”

समोर उनाइसीचा हात अजून वरच होता. तिच्या डोळ्यांत पाणी होतं की नव्हतं, ते ना सामीला दिसलं, ना चार देशांतल्या माणसांना. चाराची आडवी रेघ तिने नेटाने पूर्ण केली, बोट पुन्हा वर नेलं, आणि शेवटची उभी रेघ ती सावकाश, कुणाचीही घाई न ऐकता, खाली ओढत राहिली.