फाटकावर टांगलेला स्कूकम

मी स्कूकम बोलतोय. शब्द आहे मी, आणि आज माझं डोकं भलतंच फिरलंय.

अमेरिकेच्या पश्चिमेला चेहेलिस नदीकाठच्या लोकांच्या तोंडी मी जन्मलो. तेव्हा माझा अर्थ होता भूत, रानातलं अक्राळविक्राळ काहीतरी. मग कातड्यांचे व्यापारी आले आणि त्यांच्या मोडक्यातोडक्या बाजारी बोलीत मी 'ताकदवान' झालो. उसळत्या पाण्याला माझं नाव, तुरुंगालाही माझंच. पुढे लाकूडतोडे मजबूत दोराला स्कूकम म्हणायचे, दणकट गड्यालाही. तोवर माझी तक्रार नव्हती. राबणाऱ्यांच्या तोंडी होतो ना!

आता मला नदीकाठच्या एका हॉटेलच्या फाटकावर टांगलंय, दिवे लावून. 'स्कूकम नदीघर, फक्त पाहुण्यांसाठी.' आत इथल्या मूळ रहिवासी व्हर्नाआजीच्या लोकांचा जुना घाट आहे. दर वसंतात हंगामातला पहिला सॅमन मासा ते तिथे सगळ्यांना वाटून खातात आणि काटे त्याच पाण्यात परत सोडतात. नाही सोडले तर मासे रुसतात, पुन्हा फिरकत नाहीत.

यंदा मालक ट्रॉयने उद्घाटनाला आजीलाच बोलावलं. "तुमच्या पद्धतीने मासा भाजा आजी, पाहुणे खूश होतील." घाटावर पाऊल ठेवता येईल म्हणून ती बिचारी आली. मासा भाजला, घासघास वाटला. काटे गोळा करायला वळली, तर ताटं उचललेली.

"काटे कुठायत?"

"कचऱ्यात. अहो आजी, काटेच तर आहेत! दुसरा मासा देतो ना तुम्हाला."

"दुसरा? तुझ्या आजीचं प्रेत हरवलं असतं, तर दुसरी आजी आणून पुरली असतीस का रे मेल्या?"

पाहुणे फिदीफिदी हसले. संताप संताप झाला माझा! त्या निर्लज्जांच्या टोप्यांवरसुद्धा मीच छापलेला होतो.

आजीने कचऱ्याच्या पिशव्या फोडल्या. गुडघ्यांवर बसून, उष्ट्या कागदांतून एकेक काटा वेचला आणि ओच्यात घेतला. ट्रॉय आडवा आला. "आजी, पाण्याकडे आता नाही जायचं."

"हो बाजूला."

तो झाला बाजूला. काटे नदीला पोचले.

दुसऱ्या दिवशी फाटकाला नवं कुलूप लागलं. आजी बाहेरून गज धरून उभी होती, पाण्याकडे बघत. पुढच्या वसंतातले काटे ती कुठून सोडणार?

ऐका, ट्रॉयसाहेब. ते कुलूप काढा. काढणार नसाल, तर माझं नाव तरी तोंडातून काढू नका.