इरिप्लेसेबल

योगिनी चाकणच्या एका कंपनीत वायरिंगच्या लाइनवर होती. दिवसभर उभं राहून पाय सुजायचे, म्हणून तिला बसून काम असलेल्या क्वालिटी विभागात बदली हवी होती. तिथं इंग्रजी लागतं, तेव्हा तिने काळेवाडीत क्लास लावला. लांबलचक शब्दाला घाबरायचं नाही, उपसर्ग आणि प्रत्यय बाजूला केले की मूळ शब्द सापडतो, असं तिथल्या बाई सांगायच्या.

बदलीचा विषय निघाला, तेव्हा लाइनचे साहेब तिच्यासमोरच मॅनेजरना म्हणाले, "शी इज इरिप्लेसेबल."

योगिनीने मनातल्या मनात शब्दाची फोड केली. 'इर' म्हणजे नाही, 'रि' म्हणजे पुन्हा, 'प्लेस' म्हणजे जागा, 'एबल' म्हणजे जमण्याजोगं. जिची जागा दुसऱ्या कुणाला घेता येणार नाही, अशी. क्षणभर तिला बरं वाटलं. मग तिच्या लक्षात आलं. म्हणजे ही लाइन सुटणारच नव्हती.

"साहेब, नवीन आलेल्या तनुजाला मी माझं सगळं काम शिकवते," ती घाईने म्हणाली.

"शिकव की," साहेब हसले. "लाइनला तुझ्यासारख्या दोघी मिळाल्या तर बरंच."

जागेवर परत आल्यावर योगिनीने तरीही तनुजाला हाक मारली.