आखूड दोर

तंबू उभा राहिला तेव्हा आबा दोन पावलं मागे सरले, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "डावीकडं झुकलाय."

"आबा, घर आहे का ते?" जावई म्हणाला. "एका रात्रीपुरतं कापड आहे."

"एका रात्रीपुरतं असलं म्हणून वाकडं कशाला?"

आबांचा सगळा जन्म गवंडीकामात गेला होता. जावई वायरमन. वायरीसाठी भिंती फोडण्यावरून दोघांची नेहमीच जुंपायची. आज लेक ते ऐकून हसली आणि आबांना बरं वाटलं. या सहलीत तिला हसतं ठेवायचं, हे त्यांनी घरूनच मनाशी बांधलं होतं.

कारणही तसंच होतं. लेक नर्स होती आणि थोड्याच दिवसांत पुन्हा ड्यूटीवर जाणार होती. नातू नुकता कुठे पळायला लागला होता. जन्मला तेव्हा एवढासा होता म्हणून घरात सगळे त्याला बटण म्हणत. बटणाला दिवसभर आबांकडे ठेवायचं की पाळणाघरात घालायचं, हे लेकीनं अजून ठरवलं नव्हतं. "डोंगरावरून आल्यावर बघू," एवढंच ती म्हणाली होती. आबांना त्यातलं न बोललेलंही कळलं होतं. बायको गेल्यापासून घरात बटणाशिवाय त्यांच्याशी बोलायला कुणाला सवड नव्हती.

सोबत कुत्रा होता. वेळेवर खायचं आणि कुणाचं ऐकायचं नाही, या गुणांवरून त्याला साहेब हे नाव पडलं होतं. त्याला झाडाला लांब दोरानं बांधला होता, आणि तो सावलीत पाय ताणून घोरत होता.

दुपार कलल्यावर लेक आणि जावई खालच्या ओढ्यावर पाणी आणायला निघाले.

"आबा, बघाल ना याला? पलीकडं उतार आहे, लक्ष ठेवा."

"तू जा गं. तुला मीच वाढवलं ना?"

ती कॅन उचलून गेली.

बटण एका जागी ठरेना. दगड उचल, टाक, पळ. उताराकडे तर त्याची फारच ओढ. आबा दोनदा उठले, दोनदा त्याला काखेत धरून आणलं. पुढच्या वेळी गुडघ्यानं साथ दिली नाही आणि पोरगं काठाजवळच्या झुडपापर्यंत पोचलं. आबांनी कसंबसं त्याला धरून आणलं, तेव्हा नजर साहेबाकडे गेली. कुत्रा झोपलाय आणि दोर त्याला, पोरगं पळतंय आणि ते मोकळं. हे काही बरोबर नाही.

त्यांनी साहेबाचा दोर सोडला. गळ्यातल्या रुमालाची घडी करून बटणाच्या कमरेभोवती गुंडाळली, म्हणजे काचणार नाही. वरून दोर. गाठ पाठीमागं, जिथं हात पोचत नाही, आणि अशी, की ताण आला तरी आवळत नाही. हात आपसूक चालत होते. बांधकामावर लेक अशीच असायची, वाळूच्या ढिगाशेजारी, खांबाला बांधलेली. आबा आणि त्यांची बायको वर बांबूच्या परांचीवर. ही गोष्ट आबा चारचौघांत हसत सांगायचे. "आमची पोर खांबाला बांधून वाढली, आणि बघा, नर्स झाली!" ऐकणारेही हसायचे.

बटणाला गंमत वाटली. तो दोर ओढून ओढून हसायला लागला.

एवढ्यात शेजारच्या तंबूतून ओरडा झाला. तिथं काही तरुण मुली उतरल्या होत्या आणि त्यांच्यासोबत एक चष्मेवाली बाई होती. "अहो आजोबा! तुमचा कुत्रा बूट घेऊन पळाला!"

"साहेब! ए साहेब! ठेव तो बूट! तुझ्या आईला तुझ्या..." आबा काठी घेऊन धावले. बटण बांधलेलाच आहे, जातोय कुठं. साहेब एका मोठ्या दगडामागं बसून बूट चावत होता. आबा जवळ गेले की तो चार उड्या पुढं. मागून बटणाचं रडणं ऐकू यायला लागलं. आबांनी ते ऐकलं. रडतोय म्हणजे आहे जागच्या जागी, असं म्हणून त्यांनी आधी बूट सोडवला.

परत आले तेव्हा झाडाखाली माणसं जमली होती. गाठ सुटेना म्हणून चष्मेवालीनं चाकूनं दोर दोन-तीन ठिकाणी कापला होता, आणि बटण तिच्या कडेवर हुंदके देत होता.

"कुणाचं मूल आहे हे? जनावरासारखं बांधून निघून जायचं?"

"माझा नातू आहे," आबा म्हणाले. एका हातात काठी, एका हातात लाळेनं भिजलेला बूट, मागं शेपूट हलवत साहेब. एका मुलीला हसू आलं आणि तिनं ते दाबलं. ते दाबलेलं हसू आबांना शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

तेवढ्यात लेक वर आली. रडणं तिनं खालूनच ओळखलं होतं. कॅन वाटेतच टाकून ती धावली, बटणाला ओढून घेतलं, कपडा वर करून कमर पाहिली. रुमालाची घडी अजून तिथंच होती. ती घडी हातात धरून ती क्षणभर तशीच उभी राहिली.

"हे तुमचे कोण?" बाईनं विचारलं.

लेक लगेच बोलली नाही. एरवी कुणाच्या लक्षातही आलं नसतं, इतका छोटा वेळ गेला.

"वडील आहेत. सॉरी हं. जुन्या वळणाचे आहेत, कळत नाही त्यांना."

आबांनी बूट खाली ठेवला. कुणाच्या हातात द्यायचा ते कळेना.

संध्याकाळी जावयानं स्टोव्ह पेटवला. "साहेबाची पारख बघा, त्यातल्या त्यात महागाचा बूट उचलला," तो म्हणाला. कुणी हसलं नाही. बटण जेवून आईच्या मांडीवर झोपला होता. जावई भांडी घेऊन बाजूला गेला, मुद्दाम गेला, हे आबांना कळलं.

"चूक झाली," ते म्हणाले. "उतार होता गं. गुडघा ऐकेना. बांधला ते..."

"बांधलं त्याचं नाही, आबा. बांधून गेलात."

आबांनी वाकून स्टोव्ह बारीक केला.

"मला आठवतं," ती म्हणाली.

"काय?"

"खांब. वाळू. आईचं लुगडं वर वर जाताना दिसायचं आणि मग दिसायचं नाही."

आबांना वाटत होतं, तिला काही आठवत नसेल. एवढीशी तर होती. आठवत नाही म्हणूनच तर ते हसून सांगत आले होते. तिच्या सासरी सांगितलं होतं, तिच्या लग्नाच्या जेवणावळीतही सांगितलं होतं. ती तेव्हा ताटाकडे बघत होती, हे त्यांना आत्ता आठवलं.

"मी रडायचे ते वर ऐकू यायचं का तुम्हाला?"

नाही म्हणणं सोपं होतं. सिमेंट कालवायच्या मशीनचा आवाज असायचा, असंही सांगता आलं असतं.

"यायचं," आबा म्हणाले. "रडतेय म्हणजे आहे, असं म्हणायचो आम्ही. गप्प झालीस की तुझी आई घाबरायची. मग पळत खाली यायची."

लेकीनं बराच वेळ बटणाच्या केसांतून हात फिरवला. "म्हणजे मी रडायचं थांबवलं असतं, तर ती लवकर आली असती," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"पाळणाघरात घाल त्याला," आबा म्हणाले. "मी काही मनाला लावून घेणार नाही."

तिनं नाही म्हटलं नाही. आबा वाट बघत होते, पण तिनं म्हटलं नाही.

सकाळी तंबू गुंडाळून सगळे उतरायला लागले. बटण बापाच्या पाठीवर, पट्ट्यांत अडकवलेला. त्यावर एरवी आबांनी विनोद केला असता. साहेबाला धरायचं काम त्यांच्याकडे होतं. कापलेला दोर एवढा आखूड उरला होता की तो धरायला त्यांना कमरेत वाकावं लागत होतं. चष्मेवालीच्या तंबूसमोरून ते तसेच वाकून गेले. वर बघायचं टाळायला दोराचं निमित्त बरंच झालं.

अर्ध्या वाटेत बटणानं पाठीवर थयथयाट मांडला. चालायचं होतं त्याला. लेकीनं खाली उतरवून एक हात धरला. त्यानं दुसरा हात सवयीनं आबांकडे केला आणि बोटं उघडमीट करत उभा राहिला.

आबांनी हात पुढं केला, आणि मध्येच थांबवला. लेकीकडे पाहिलं. तिला जन्मापासून त्यांनी कधी काही विचारलं नव्हतं, सांगितलंच होतं.

"धरू का?"

ती वाटेकडे बघत होती. वाट अरुंद होती, पुढं खडी निसटत होती.

"आधी साहेबाला यांच्याकडे द्या," ती म्हणाली. "मग धरा."

आबांनी आखूड दोर जावयाच्या हातात दिला. कंबर सरळ करायला त्यांना वेळ लागला. तोवर बटण हात तसाच पुढं करून उभा होता, आणि लेकही थांबली होती.