आ. झो.

माझी दीड वर्षाची लेक पाळणाघरातून घरी यायची ती पेंगतच. मी हाका मारायची आणि ती माझ्या खांद्यावर गाल टेकून लाळ गाळत पडून राहायची. डॉक्टर म्हणाले, "हिला कुणी सर्दीचं औषध पाजतंय का? त्याने गुंगी येते."

मला लगेच पाळणाघरातल्या मावशी दिसल्या. एकटी बाई आणि एवढी पोरं. झोपवून ठेवली की झालं! दुसऱ्या दिवशी पाच वाजता, सगळे आईबाप मुलं न्यायला आलेले असताना, मी दारातच तोंड सोडलं.

"लेकरांना गुंगी देऊन पगार खाता?"

"ताई, माझ्या हातून कधी..." पुढचं कुणी ऐकूनच घेतलं नाही. मावशींना त्याच दिवशी काढलं.

"वा, गुप्तहेर बाई! केस खल्लास," नवरा म्हणाला. मी फुशारले.

नवी बाई आली, आठवडा गेला. लेक पेंगतच होती.

मग मी पाळणाघराची रोजची वही मागितली. मावशी त्यात प्रत्येक मुलाचं दूध, शी, झोप लिहायच्या. आमच्या पानावर रोज 'आ. झो.' असायचं. ते मी घाईघाईत बघायची आणि सुखावायची: आरामात झोपली. आज पहिल्यांदाच बाकीच्या मुलांची पानं चाळली. कुणाच्याच पानावर ते नव्हतं. आमच्या पानावरही शनिवारी नव्हतं.

"हे काय हो?" मी पाळणाघर चालवणाऱ्या बाईंना विचारलं.

"आल्या आल्या झोप. मूल पेंगतच आलं की तसं लिहायचं."

म्हणजे औषध घरूनच पोटात जात होतं. शनिवारी लेकीला मी सोडते. बाकीचे दिवस मी सातलाच कामावर जाते. तिला तिचा बाबा सोडतो.

तो भाजी चिरत होता.

"सकाळी हिला काय पाजतोस?"

सुरी थांबली. "अगं, अर्धाच चमचा. दारात गळ्याला मिठी मारते ती सोडतच नाही. मला रोज उशीर."

"आणि मावशींना काढलं तेव्हा?"

"तूच एवढी पेटली होतीस, मी मध्ये काय बोलणार? आता गप्प बस ना. आपलीच शोभा होईल."

मी बाटली मोरीत रिकामी केली. मग पत्ता काढून मावशींच्या घरी गेले. त्यांनी आत बोलावलं नाही. मी सगळं सांगितलं, हात जोडले.

"तीन ठिकाणी काम विचारलं, ताई. तिन्हीकडे बातमी माझ्या आधी पोचलेली. इथे माझ्या उंबऱ्यात माफी मागून काय उपयोग? जिथे बोललात, तिथे बोला."

दुसऱ्या दिवशी पाच वाजता बोलले. "मावशींनी काही केलं नव्हतं. औषध माझ्या नवऱ्याने पाजलं." त्या दिवशीसारखा आवाज चढेना. दोनदा सांगावं लागलं.

"त्यांना परत घ्या," मी पाळणाघराच्या बाईंना म्हटलं. त्या आईबापांकडे बघत राहिल्या.

"तुमचं खरं असेल हो," एक आई म्हणाली, "पण आता त्यांच्या हातात पोर द्यायला मन धजत नाही."

सगळे खाली वाकून आपापल्या मुलांचे बूट शोधायला लागले.