एकोणनव्वदचा भाग

मी एक जुनी संख्या आहे, मित्रांनो. तीन कोटी पस्तीस लाख पन्नास हजार तीनशे छत्तीस. नाव लांबलचक असलं तरी स्वभाव साधा आहे. ज्यांनी मला निःशेष भाग जातो, अशा माझ्याहून लहान सगळ्या संख्या एकत्र करा, बेरीज नेमकी मीच येते. सहाचंही तसंच. एक, दोन आणि तीन मिळून सहा. अशा संख्येला पूर्ण म्हणतात, आणि आम्ही फार थोड्या आहोत.

कैरोच्या एका मदरशात शेख मुफर्रिज यांनी धुळपाटीवर ४०९६ ला ८१९१ ने गुणलं, तेव्हा मी प्रथम माणसाच्या नजरेस पडले. पण ८१९१ ला एक आणि ती स्वतः सोडून कशानेही भाग जात नसेल, तरच मी पूर्ण. एक जरी भाग गेला, तरी मी कवडीमोलाची. आणि शेखांचा हात आधी एकदा पोळला होता. तेव्हा त्यांनी २०४७ ला एकोणीसपर्यंत भाग घालून पाहिले, जेवायला उठले आणि तिला १०२४ ने गुणून केलेली संख्या पूर्ण आहे असं सांगून मोकळे झाले. पुढच्याच तेविसाने तिला भाग जातो, हे बद्रान नावाच्या दुसऱ्या गणितीने भर वर्गात दाखवलं. आता पुन्हा चुकले, तर शिकवण्याची गादी बद्रानला मिळणार होती.

परीक्षा अंगणात, सगळ्यांसमोर झाली. एक्क्याण्णवचा वर्ग ८१९१ च्या पुढे जातो, म्हणून नव्वदच्या आतल्या प्रत्येक मूळ संख्येने भाग घालून पाहिला की पुरे होतं. धुळीत एक आकडा पुसून त्याच जागी दुसरा लिहायचा, त्यामुळे चुकलं तर चूक शोधायला मागे काही उरत नाही. तेविसाची पाळी आली तशी शेखांनी धूळ पुन्हा एकदा सपाट केली.

“काय शेखसाहेब, आजही भूक लागली का?” बद्रान म्हणाला. सगळे हसले.

बाकी तीन उरली. माझा जीव भांड्यात पडला.

त्र्याऐंशी झाला तेव्हा दुपार ढळली होती. नमाजाची बांग झाली. मदरशाचे प्रमुख उठले.

“पुरे, मुफर्रिज. मानलं तुम्हाला. एकटा एकोणनव्वद आता काय करणार आहे?”

खोटं कशाला सांगू, त्यांनी हो म्हणावं असं मला फार वाटलं. गादी वाचत होती, माझी अब्रूही.

“नको साहेब,” शेख म्हणाले. “तेवीसही एकटाच होता.”

तेवढ्यात अंगणात वारा शिरला. पाटीच्या कडेची धूळ हलली. बद्रान तरातरा पुढे आला. आता हा पाटी उधळणार, असंच मला वाटलं. पण वाऱ्याकडे पाठ करून, झगा दोन्ही हातांनी पसरून तो पाटीशी बसला.

“घाल रे भाग. मी वारा अडवतो. चुकलास तर मात्र गादी माझी, हं!”

एकोणनव्वद गुणिले ब्याण्णव, आठ हजार एकशे अठ्ठ्याऐंशी. बाकी तीन.

शेख सगळ्यांदेखत रडले. बद्रानने मला स्वतःच्या हाताने वहीत उतरवलं.

पुढे ती वही कपाटात कित्येक पिढ्या पडून राहिली. कुणी घाईत नक्कल करताना छत्तीसचे सदतीस केले आणि त्या पानावर मी मी राहिले नाही. म्हणून विनवते, मित्रांनो, मला लिहाल तेव्हा एकेक अंक जपून लिहा. आणि मी पूर्ण आहे हे माझ्या तोंडचं ऐकून मान डोलावू नका. पाटी घ्या, आणि एकोणनव्वदपर्यंत जा.