चौथी खेळाडू

विद्यापीठाच्या तलवारबाजी संघाचा इतिहास छापायचा होता. कपाट चषकांनी गच्च भरलेलं, पण पहिल्या अजिंक्यपदाचा फोटो पाहून संपादकबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. चौघींनीही जाळीचे मास्क घातले होते.

"सर, तोंडं दिसतील असा फोटो नाही का? आणि ही चौथी बघा, तलवार झाडूसारखी धरलीय. हिला संघात घेतलं तरी कुणी?"

"मी," म्हातारे प्रशिक्षक एकदम कडाडले. मग खुर्चीत बसून सांगू लागले.

चौथी मुलगी स्पर्धेच्या तोंडावर तापाने गेली. उरलेल्या तिघी दातओठ खाऊन लढल्या, जिंकल्या. पण फोटोला एकही उभी राहीना. तेवढ्यात मुलीची आई संघाचा पोशाख परत करायला आली. पोरींनी सरांना विचारून तिलाच तो चढवला आणि आपल्यात उभं केलं. तिचे हुंदके थांबेनात, म्हणून सगळ्यांनीच मास्क घातले.

बाईंचा आवाज खाली आला. "मग चौथीचं नाव काय टाकू?"

"लेकीचंच. त्या माउलीने पोशाख धुतला, इस्त्री केला. पण पाठीवरचं नाव काही तिच्याने उसववलं नाही."